खुर्ची सोडणारा प्राध्यापक



आज ज्या माणसाविषयी लिहायचं आहे, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. रवी मथाई. आयआयएम अहमदाबाद म्हटलं की विक्रम साराभाई आठवतात, लुई कान यांनी बांधलेली ती लाल विटांची इमारत आठवते, आणि हल्ली तर पगाराचे आकडे आधी आठवतात. मथाई मात्र मागेच राहतात. एक तर ते फार लवकर, ५६व्या वर्षी गेले. दुसरं म्हणजे, मागे राहणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. तो कसा, ते सांगण्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच.

मी इतिहासाची शिक्षिका. मॅनेजमेंट या विषयाशी माझा संबंध महिनाअखेरीला पगार पुरवण्यापुरता! तरी या माणसाच्या मागे मी गेली काही वर्षं लागले आहे, त्याचं कारण एक पुस्तक. 'द रूरल युनिव्हर्सिटी' नावाचं हे पुस्तक १९८५ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलं. पॉप्युलर म्हटलं की मला आपल्या कविता-कादंबऱ्याच आठवायच्या. त्यांनी राजस्थानातल्या एका दुष्काळी भागाविषयी इंग्रजी पुस्तक काढलंय, हेच मला नवल वाटलं. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाला इंग्रजी पुस्तक वाचायचं म्हणजे शेजारी शब्दकोश हवा, आणि मांडीवर उशी. पण वाचलं. आणि मग मथाईंविषयी जे जे मिळेल ते वाचत गेले.

तर आधी थोडा इतिहास. १९६१ च्या अखेरीस दोन आयआयएम सुरू झाल्या, एक कलकत्त्याला आणि दुसरी अहमदाबादला. अहमदाबादच्या संस्थेमागे केंद्र सरकार, गुजरात सरकार, तिथले गिरणीमालक आणि अमेरिकेतलं फोर्ड फाउंडेशन होतं. शिकवण्याची पद्धत आली हार्वर्डहून. साराभाई मानद संचालक होते, पण त्यांच्यामागे अवकाश संशोधनापासून गिरण्यांपर्यंत शंभर व्याप. रोजचा बराचसा भार कमला चौधरी या विदुषीने उचलला (त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं). मग पूर्णवेळ संचालकाचा शोध सुरू झाला आणि १९६५ मध्ये निवड झाली रवी मथाईंची.

तेव्हा त्यांचं वय ३८. पीएच.डी. नाही. एमबीए तर नाहीच नाही. ऑक्सफर्डची बी.ए., कलकत्त्यात कंपनीतल्या नोकरीची काही वर्षं आणि तिथल्याच आयआयएममध्ये थोडा काळ प्राध्यापकी, एवढीच शिदोरी. हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. (ऑक्सफर्ड आणि आमचं तालुक्याचं कॉलेज यातला फरक मला कळतो, काळजी नसावी.)

हार्वर्डची ती पद्धत म्हणजे 'केस मेथड'. एखाद्या खऱ्या धंद्यात आलेली खरी अडचण, आकडेवारीसकट, विद्यार्थ्यांच्या हातात द्यायची. रात्री त्यांनी ती वाचायची, आपापसात डोकी फोडायची, आणि सकाळी वर्गात भांडायचं. शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही. तो प्रश्न विचारतो, एकाचं म्हणणं दुसऱ्यावर टाकतो आणि फळ्यावर मांडत जातो. तास संपला तरी 'बरोबर उत्तर' हाती लागेलच असं नाही. आमच्याकडे जून महिन्यात मुलं पाठ्यपुस्तकाआधी गाईड विकत घ्यायची, हे आठवलं की दोन्ही टोकं डोळ्यांसमोर येतात. मी स्वतः एकदा नववीच्या वर्गाला असंच विचारलं होतं, "तुम्ही दुसरे बाजीराव असता तर १८०२ मध्ये वसईचा तह केला असता का?" वर्ग दोन मिनिटं गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे परीक्षेला आहे का?"

असो. मथाईंचं मोठेपण केस मेथड आणण्यात नाही, ती आधीच आली होती. त्यांनी तेच तत्त्व संस्था चालवायला लावलं. अभ्यासक्रम काय असावा, कुणाला प्रवेश द्यावा, कुणाला प्राध्यापक म्हणून घ्यावं, हे शिक्षकांनी एकत्र बसून ठरवायचं. संचालक हा साहेब नव्हे, बरोबरीच्यांमधला एक. आपल्याकडच्या कॉलेजांत विभागप्रमुख, मग प्राचार्य, मग संस्थाचालक अशी जी उतरंड असते, ती त्यांनी तिथे रचूच दिली नाही. शिवाय व्यवस्थापन म्हणजे फक्त कंपन्यांचं, हे त्यांना मान्य नव्हतं. शेती, सरकारी खाती, शिक्षण, जिथे म्हणून माणसं एकत्र येऊन काम करतात तिथे हा विषय लागू पडतो असं ते म्हणत. त्यांच्या नात्यातले डॉ. कुरियन तिकडे आणंदला दुधात काय करत होते ते आपल्याला माहीत आहेच. १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची 'इर्मा' निघाली, तिच्या उभारणीतही मथाईंचा हात होता.

आणि मग १९७२ मध्ये, सात वर्षं झाल्यावर, संस्थेचं नाव देशभर होत असताना त्यांनी संचालकपद सोडलं. कुणी काढलं नव्हतं, भांडण नव्हतं, मोठी नोकरी चालून आली होती असंही नाही. वय ४५. म्हणणं एवढंच की, एकच माणूस फार वर्षं बसला की संस्था त्याची होते, आणि ती तशी होऊ नये. गंमत पुढे आहे. ते संस्था सोडून गेले नाहीत. संचालकाच्या खोलीतून उठले आणि साधे प्राध्यापक म्हणून तिथेच राहिले. संचालकपद ही शिडीची वरची पायरी नाही, काही वर्षं करायचं एक काम आहे, हे त्यांनी नुसतं बोलून नाही, तसं वागून दाखवलं. त्यांच्यामागून प्रा. सॅम्युएल पॉल संचालक झाले, आणि कालचे संचालक त्यांच्या हाताखाली (हा शब्द मथाईंना आवडला नसता) शिकवू लागले.

आपल्या शाळांत काय चालतं ते इथे सांगायलाच हवं का? माझ्या नोकरीच्या काळात एका संस्थेत मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून 'सल्लागार' म्हणून त्याच खोलीत येऊन बसू लागले. नव्या मुख्याध्यापिका वर्षभर स्टाफरूममध्ये कपाटाला टेकून सह्या करत होत्या. नाव कशाला घ्यायचं, असे लोक गावोगाव आहेत.

खुर्ची सोडण्याचा हा गुण मथाईंच्या घरातच असावा. वडील डॉ. जॉन मथाई स्वतंत्र भारताचे रेल्वेमंत्री, नंतर अर्थमंत्री. नियोजन आयोग वगैरे गोष्टींवरून मतभेद झाले तेव्हा १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांच्या जागी अर्थमंत्री म्हणून कोण आलं? आपले चिंतामणराव देशमुख. आणि त्यांनीही १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा दिला. लागोपाठचे दोन अर्थमंत्री, दोघेही तत्त्वासाठी उठून गेलेले. इतिहास शिकवताना हे दोन राजीनामे मी कधी सोडले नाहीत, अभ्यासक्रमात नसले तरी.

आता मुख्य गोष्ट. खुर्ची सोडून या प्राध्यापकाने केलं काय?

तेच १९७२ साल आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी वेगळ्या कारणाने लक्षात ठेवलं आहे. दुष्काळ. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि अर्धं गाव खडी फोडायला जात होतं. आमची काकूही जायची. सुकडी, अमेरिकेतून आलेला तो लाल मिलो, मुकादमाची हजेरी... ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीने लाखो माणसं जगवली, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. ज्या माणसांना त्या रानातला दगड न् दगड माहीत होता, पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांना तलाव कुठे घ्यावा हे कुणी विचारलं नाही. त्यांचे हात मोजले गेले. डोकी कुणी मोजली नाहीत.

म्हणूनच जवाजाची गोष्ट वाचताना मला आमचा तो पाझर तलाव दिसत राहिला.

जवाजा हा तेव्हाच्या अजमेर जिल्ह्यातला, ब्यावर शहराजवळचा विकासगट. अरवलीच्या रांगेतला कोरडा, खडकाळ मुलूख. सुमारे २०० गावं आणि ८० हजार लोकसंख्या. दुष्काळ पाचवीला पुजलेला. सरकारी हिशोबात या भागाकडे विकासाला उपयोगी पडेल असं काही नव्हतंच. पाणी नाही, चांगली जमीन नाही, खनिज नाही. मथाईंनी तो हिशोब वाचून विचारलं, आणि ही ८० हजार माणसं? ती कुठल्या रकान्यात?

१९७५ च्या सुमारास आयआयएममधले काही सहकारी घेऊन ते तिथे जाऊ लागले. अहमदाबादहून चारशेहून अधिक किलोमीटर. बरोबर आली शेजारचीच दुसरी संस्था, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन. तिचे प्रमुख होते अशोक चॅटर्जी, आणि तिथे विणकामाच्या प्राध्यापक होत्या फिनलंडहून आलेल्या हेलेना पेरहेनतुपा. कल्पना करा, देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थेचा माजी संचालक, एक फिनिश बाई आणि समोर बसलेले रैगर समाजातले चामड्याचं काम करणारे लोक व खेड्यातले विणकर. अस्पृश्य म्हणून गावाबाहेर राहिलेले, सावकाराच्या कर्जात बुडालेले, बहुतेक निरक्षर.

चामड्याचं काम करणाऱ्यांची दशा समजायला आपल्याला लांब जायला नको. आपल्याकडे विहिरीवर मोट होती तोवर चांभार-ढोर मंडळींना गावात काम होतं. इंजिनं आली, मोट गेली, आणि प्लास्टिकची चप्पल आल्यावर उरलंसुरलंही गेलं. अशा माणसाच्या हातात कसब असतं, पण त्या कसबाला गिऱ्हाईक नसतं.

सर्वसाधारण पद्धत अशी, की अशा लोकांसाठी एक प्रशिक्षण केंद्र काढायचं, फीत कापायची, सहा महिने स्टायपेंड द्यायचा, प्रमाणपत्र वाटायचं. मथाईंनी केंद्र काढलं नाही. इमारतच बांधली नाही. शिक्षण कामातच व्हायचं. कच्चा माल कुठून घ्यायचा, वस्तूची किंमत कशी काढायची, त्यात स्वतःची मजुरी धरायची की नाही, बँकेच्या साहेबासमोर बसून काय बोलायचं, शहरातलं गिऱ्हाईक माल नाकारतं तेव्हा ते का नाकारतं, हे सगळं करून, चुकून, परत करून शिकायचं. हीही केस मेथडच, पण इथे केस कागदावर नव्हती. उत्तर चुकलं तर त्या आठवड्याची चूल थंड.

वस्तू कुठल्या करायच्या, यातही मोठा विचार होता. जुन्याच जोडे-चपला करून स्वस्त बाजारात कारखान्यांशी झुंजण्यात अर्थ नव्हता. म्हणून शहरातल्या माणसाला हव्याशा वाटतील अशा पिशव्या आल्या, विणकरांचे गालिचे आले. त्या पिशव्यांची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांना मशीनची शिलाई नाही. चामड्याच्याच वाद्या काढून, त्या भोकांतून ओवून पिशवी जोडायची. म्हणजे शिलाई मशीन नको, त्याचं कर्ज नको, दुरुस्तीला शहरातला मिस्त्री नको. घरातल्या हत्यारांवर पूर्ण पिशवी तयार. डिझाइन म्हणजे नक्षी असं मी समजत होते. माणूस कुणावर कमीत कमी अवलंबून राहील याचाही विचार डिझाइनमध्ये असतो, हे इथे कळलं.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट मदत करणाऱ्यांसाठी होती. तुम्ही जायचं आहे. आज ना उद्या, पण जायचं. तुमच्यावाचून काम चालायला लागेल अशा रीतीनेच पहिल्या दिवसापासून वागायचं. प्रत्येक टप्प्याला एकेक काम सोडून द्यायचं, आज खरेदी, उद्या हिशोब, परवा विक्री. विणकर आणि चर्मकार मिळून त्यांची स्वतःची संघटना झाली, 'आर्टिझन्स अलायन्स ऑफ जवाजा'. जे शिकले त्यांनी पुढच्या गावाला शिकवायचं, आणि अशी गावंच एकमेकांची विद्यापीठं व्हायची. पुस्तकाच्या नावातलं 'ग्रामीण विद्यापीठ' ते हेच. भिंती नसलेलं, कुलगुरू नसलेलं.

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. कर्मवीर अण्णांची 'कमवा आणि शिका' होती, गांधीजींची वर्ध्याची नई तालीम होती. पण तिथे मुलं होती आणि शाळा होती. इथे शिकणारे पन्नाशीचे बापये, आणि त्यांच्याबरोबर शिकणारे प्राध्यापक. आपण द्यायला आलेलो नाही, आपल्यालाही इथून शिकायचं आहे, हे मथाई धरून होते. व्यवस्थापनाची जी तत्त्वं आपण वर्गात सांगतो ती जवाजात टिकतात का, हे त्यांना बघायचं होतं. बरीचशी टिकली नाहीत. ज्याच्या शब्दाला गावात किंमत नाही त्याने भाव पाडून द्यायचा नाही असं ठरवलं, तर व्यापारी, सावकार आणि गावचे बडे सगळे एक होतात, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात असणार? मथाईंचे सहकारी रणजित गुप्ता यांनी गरिबीच्या या सापळ्यावर वेगळं लिहिलं आहे.

आता खरा प्रश्न. हे यशस्वी झालं का?

१३ फेब्रुवारी १९८४ रोजी मथाई गेले. पुस्तक त्यांच्यामागे आलं. २०० गावांमध्ये पसरणारं ते विद्यापीठ झालं नाही. ८० हजार माणसांमधल्या थोड्याच कुटुंबांपर्यंत काम पोचलं. मदतनीस मागे हटले तेव्हा त्या कुटुंबांच्या वाट्याला खूप ओढाताण आली. सरकारी योजनांना, मोठ्या आकड्यांना सोकावलेल्या माणसाने म्हणावं, एवढ्या थोर माणसाने एवढी वर्षं घालवून हेच का केलं? आमच्या घरातल्या एमबीएवाल्या पुतण्याने हेच म्हटलं. "काकू, हे स्केल झालं नाही," असं. त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. मदत करणाऱ्याने निघून जावं हे तत्त्व सुंदर आहे, पण सावकार निघून जात नाही. तो तिथेच असतो. मथाईंच्या विचारात मला हीच जागा कच्ची वाटते.

पण दुसरी बाजूही त्याच्यासमोर ठेवली. त्या पिशव्या बंद पडल्या नाहीत. मथाई गेल्यावर कित्येक वर्षांनी, या शतकातही, तीच संघटना तशाच वाद्या ओवलेल्या पिशव्या करत आणि शहरांतल्या प्रदर्शनांत विकत राहिली. त्या काळात फीत कापून सुरू झालेली किती प्रशिक्षण केंद्रं टिकली ते त्याने शोधून सांगावं. आमच्या तालुक्यातल्या अशा एका केंद्रात सध्या शेळ्या बांधतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर ३४ वर्षं शिकवून झाल्यावर मला आकड्यांपेक्षा दुसरंच काही छळतं. विद्यार्थी भेटतात, पाया पडतात, "बाई, तुमच्यामुळे" म्हणतात. ऐकायला गोड लागतं, कुणाला लागणार नाही? पण मथाई वाचल्यापासून त्या गोड वाक्याशेजारी एक प्रश्न येऊन बसतो. या मुलाला बाईंशिवायही जमलं असतं, अशी तयारी मी कितीजणांची करून घेतली? मुलाला आपली गरज वाटत राहावी असं शिक्षकाला आतून कुठेतरी वाटतंच. आईलाही वाटतं, संस्थाचालकाला तर वाटतंच वाटतं. मथाईंना तसं वाटलं नसेल असं नाही. त्यांनी ते दोनदा बाजूला ठेवलं, एकदा लाल विटांच्या इमारतीत आणि एकदा जवाजाच्या खडकावर.

आयआयएम अहमदाबादने १९९१ मध्ये त्यांच्या नावाने शैक्षणिक नवोपक्रमांचं केंद्र काढलं. २०११ मध्ये टी. टी. राम मोहन या तिथल्याच प्राध्यापकांचं त्यांच्यावर 'ब्रिक बाय रेड ब्रिक' हे इंग्रजी पुस्तकही आलं, ते संस्थेच्या उभारणीविषयी आहे. मराठीत कुणी लिहिलं असेल तर मला जरूर कळवा.

'द रूरल युनिव्हर्सिटी'ची माझी प्रत आता पुतण्याकडे गेली आहे. पानापानावर समासात मी पेन्सिलीने शब्दांचे मराठी अर्थ लिहिले आहेत, ते त्याने खोडू नयेत एवढंच सांगितलंय. आणि प्रत परत पाठवायची नाही, ऑफिसात कुणाला तरी द्यायची.